भाषण राहू द्या, आधी वही काढा!

'संघटन' म्हटलं की काय आठवतं? माईक, घोषणा आणि टाळ्या घेणारा एखादा लीडर! मलाही तसंच वाटायचं.

गेल्या सेमिस्टरला फुटलेली ट्यूबलाइट मी तशीच काळ्या पिशवीत कोंबून टाकली. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलमागे कचरा निवडणाऱ्या मावशींच्या हाताला फडकं बांधलेलं दिसलं. मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, "सॉरी राहू दे बाळा, काच कागदात गुंडाळून वेगळी ठेवत जा." मी लगेच नोटीस बोर्डावर खणखणीत भाषेत सूचना लावली. आठवडाभर काचा तशाच येत राहिल्या!

मग प्रश्न पडला, माणसं एकत्र येतात ती कशामुळे? उत्तर शेजारीच, पुण्यात सापडलं. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठातले काही जण कचरावेचक वस्त्यांमध्ये शिक्षणाचं काम करायला गेले. शिकवता शिकवता ते या बायकांबरोबर पहाटे कचरा वेचायला फिरले. तेव्हा कळलं की त्यांना वर्गीकृत कचरा हवा होता आणि चोर समजून होणारा त्रास थांबायला हवा होता. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पहिली मोठी मागणी कोणती? ओळखपत्र! नव्वदच्या दशकातच पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी ते मान्य केलं.

पुढचं पाऊल तर आपल्या इंजिनिअरिंगला साजेसं. या बायका किती माल उचलतात आणि त्यामुळे पालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब मांडला गेला. 'दया करा' असं म्हणायची गरजच उरली नाही. पुणे महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा भार उचलला. २००८ मध्ये कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करण्याचं काम त्यांना दिलं.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. ब्राझीलमध्ये २००१ साली कचरावेचकांची राष्ट्रीय चळवळ उभी राहिली आणि २००२ मध्ये सरकारच्या व्यवसायांच्या यादीत त्यांच्या कामाची नोंद झाली. कोलंबियाच्या बोगोटा शहरात त्यांनी कोर्टाची लढाई लढली. २०१३ पासून गोळा केलेल्या मालाच्या वजनानुसार त्यांना मोबदला मिळू लागला. त्याच बोगोटात २००८ मध्ये कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद झाली. भारतातूनही प्रतिनिधी गेले होते. भाषा वेगळ्या, पण ओळख, मोजमाप आणि कामावरचा हक्क हे विषय सगळ्यांचे सारखेच!

यातून मला तीन कौशल्यं दिसली. एक, ऐकणं: आपल्याला काय द्यायचंय ते बाजूला ठेवून समोरच्याला काय हवंय ते विचारणं. दोन, मोजणं: तक्रारीचा आकडा झाला की टेबलापलीकडचा माणूस ऐकतो. तीन, दार ओळखणं: कुठे कोर्ट, कुठे महापालिका, कुठे मंत्रालय. पहिली दोन कौशल्यं सगळीकडे चालतात. तिसरं मात्र प्रत्येक देशात नव्याने शिकावं लागतं.

मी नोटीस काढली आणि वही घेतली. मावशींना विचारलं, पिशव्या किती वाजता उघडता, सर्वात जास्त त्रास कशाचा? मग आमच्या विंगमधल्या प्रत्येक रूमचं दार वाजवलं. दोन आठवड्यांचा हिशेब घेऊन रेक्टर सरांकडे गेलो. आता आमच्या मजल्यावर काचेसाठी वेगळी बादली आहे. बाकीचे मजले अजून बाकी आहेत!

आपल्यातले बरेच जण उद्या भोसरी-चाकणच्या कंपन्यांत जातील. तिथे एकाच लाइनवर लातूरचा ट्रेनी, बिहारचा कॉन्ट्रॅक्ट कामगार आणि ओडिशाचा हेल्पर उभा असेल. बसची वेळ, कँटीनचं जेवण, सेफ्टी शूज... प्रश्न एकच, पण एकमेकांशी बोलणं नाही. तिथे कोणीतरी आधी विचारायला हवं, मग मोजायला हवं.

सराव इथूनच करता येईल. पटलं असेल तर आज रात्री मेसवरून येताना शेजारच्या रूमचं दार वाजवा. आणि हो, वही विसरू नका!