चिखल पाहायला चला

डोंबिवलीच्या माणसाला समुद्र म्हटला की अलिबाग, मुरूड, दिवेआगर, फार तर तारकर्ली आठवते. शनिवारी पहाटे निघायचं, पनवेलच्या पुढे वाहनांच्या रांगेत अडकायचं, किनाऱ्यावर घोडागाडीत बसायचं, मासळीचं ताट जेवायचं आणि रविवारी रात्री पुन्हा त्याच रांगेतून घरी यायचं. वन्यजीव पाहायचे असतील तर ताडोबा, आणि त्याची रजा वेगळी. समुद्राचं पाणी आणि रानातले जीव एकत्र पाहायला मिळतील अशी जागा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने दुसऱ्याच स्टेशनावर, ऐरोलीला आहे. पण सुट्टीच्या यादीत तिचं नाव सहसा नसतं. कारण सरळ आहे. ती जागा म्हणजे ठाण्याची खाडी, आणि खाडी म्हणजे आपल्या लेखी पुलावरून जाताना नाक दाबायची जागा. ही समजूत बदलली पाहिजे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांनी ही खाडी मुद्दाम जाऊन पाहावी. मात्र आपल्या सोयीने न जाता भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने जावं. तसं पर्यटन खाडीच्या उपयोगाचं आहे. एरवीचं नाही.

आधी जागेविषयी. सागरी राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्रात एकही नाही. गुजरातमध्ये कच्छच्या आखातात १९८२ साली ते झालं. जामनगरजवळच्या नरारा बेटाच्या परिसरात ओहोटीला पर्यटक घोटाभर पाण्यातून चालत प्रवाळ, तारामासे, खेकडे पाहतात. आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. त्यानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान, मुंबईच्या बाजूचं सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र त्यात येतं. त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक कांदळवन आणि उरलेलं पाणी. २०२२ मध्ये आजूबाजूचा संवेदनशील पट्टा धरून साडेसहा हजार हेक्टरांवर रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झालं. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर हा मान मिळालेली ही राज्यातली तिसरी जागा. आणि ज्या राष्ट्रीय उद्यानाशी ठाणेकरांची येऊरमुळे रोजची ओळख आहे, त्या संजय गांधी उद्यानाचा नागला हा भाग घोडबंदरपलीकडे वसईच्या खाडीला जाऊन भिडतो, हे किती जणांना ठाऊक असतं?

इथे पांढरी वाळू नाही, लाटा नाहीत, पोहण्याचा तर प्रश्नच नाही. इथे चिखल आहे, आणि पाहायला जायचं ते या चिखलासाठीच. मऊ पांढरी वाळू दिसायला सुंदर, पण तिच्यात अन्न थोडं. खाडीचा गाळ पाहायला काळा, पण दर चौरस फुटात किडे, गोगलगाई, शिंपले आणि शेवाळ यांनी भरलेला. दिवसातून दोनदा ओहोटी हे ताट उघडते आणि दोनदा भरती ते झाकते. निवट्या चिखलावर उड्या मारताना दिसतात, इवले खेकडे एक मोठी नांगी हलवत बिळाच्या तोंडाशी उभे असतात, आणि तिवरांच्या मुळांची टोकं पेन्सिली रोवाव्यात तशी गाळातून वर आलेली असतात. गाळात हवा नसते, म्हणून ही झाडं श्वासासाठी मुळं वर काढतात. तिवर, कांदळ आणि चिप्पी ही तीन नावं ओळखता आली तरी खारफुटीचा सगळा हिरवा पट्टा वेगळा दिसायला लागतो. यातल्या पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. या झाडीत कोल्हेही राहतात. शहराच्या एवढं जवळ कोल्हा आहे हे ऐकून आजही अनेकांना खोटं वाटतं.

आणि अर्थात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. आकाराने थोर आणि छोटा असे दोन प्रकार इथे येतात. ते मुख्यतः गुजरातेतून, कच्छच्या रणाकडून येतात. साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. १९९० च्या दशकापासून शिवडीच्या आणि मग ठाणे खाडीच्या गाळावर त्यांचे थवे वाढत गेले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) गणतीत ही संख्या लाखाच्या वर गेली. पक्षी चोच उलटी करून पाण्यात घालतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या गाळणीतून बाहेर सोडतो. मागे उरतं ते अन्न. छोटा रोहित निळं-हिरवं शेवाळ खातो, थोराला गाळातले बारीक जीवही लागतात. त्यांचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकांच्याच एका निरीक्षणातून निघतो. शहरांच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर हे शेवाळ माजतं, म्हणजे घाणीमुळेच रोहित आले. मग खाडी स्वच्छ करा हे कशासाठी म्हणायचं? आक्षेप वरवरचा नाही, पण तो एका पक्ष्याच्या सोयीला खाडीची तब्येत समजतो. शेवाळ वाढलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि तो माशांना, कोळंबीला, कालवांना पुरत नाही. जिताडा आणि चिंबोरी कमी झाल्याचं गाऱ्हाणं काठच्या कोळी-आगरी गावांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. त्यात १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, आणि रसायनं ही शेवाळाचंही खत नव्हेत. रोहित हा गुबगुबीत दिसणाऱ्या रोग्यासारखा पुरावा आहे. त्याच्याकडे पाहून वैद्याला घरी पाठवणं शहाणपणाचं नाही.

कल्याण-डोंबिवलीचा या खाडीशी काय संबंध, असंही कुणी विचारेल. नकाशा पाहा. राजमाचीच्या दऱ्यांत उगम पावलेली उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीच्या कडेने येते, ठाण्याजवळ तिचा मोठा प्रवाह घोडबंदरकडून वसईच्या खाडीला जातो आणि एका अरुंद फाट्याने ती ठाणे खाडीशी जोडलेली आहे. या पाण्यानेच कल्याण बंदर झालं. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे, आणि शिवाजी महाराजांच्या आरमाराची गलबतं कल्याण-भिवंडीच्या खाडीत बांधली गेली. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की भरतीचं पाणी आजही दिसतं. आपल्या मोऱ्या आणि नाले याच पाण्याला मिळतात. तेव्हा खाडीचा पहिला पाहुणा पुण्या-नाशिकचा असण्याऐवजी इथला असावा, हे न्यायाचंच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: माणसं आली की जागा बिघडते. मालवणकडे बोट दाखवता येतं. तिथे अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध राहिला, आणि पर्यटन मात्र झपाट्याने वाढलं. जिथे होडीचा नांगर प्रवाळावर पडतो तिथे पाहायला आलेली वस्तूच पाहणारा मोडतो. हे खरं आहे, पण त्यातून निष्कर्ष ‘कुणी जाऊ नये’ असा निघत नाही. ठाणे खाडीत दशकानुदशकं पर्यटक नव्हते, तरी भराव पडला, राडारोडा पडला, खारफुटी कापली गेली; ती थांबायला मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि २०१८ चा निकाल यावा लागला. जिथे कुणाचं लक्ष नसतं तिथे रात्री डंपर रिकामे होतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने वल्ह्यांच्या होड्यांतून कांदळवनाची सफर सुरू केली, तेव्हा त्या झाडांना राखणदार मिळाले, कारण झाडं उभी असण्यात त्यांची मिळकत होती. ऐरोलीतही होडी हाकणारा, पक्षी दाखवणारा माणूस काठच्या गावातला असेल तरच या पर्यटनाला अर्थ आहे. अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित सांभाळावं, ही अट प्रादेशिक जलक्षेत्रासाठी वन्यजीव कायद्यातच आहे; ती कागदावर राहू नये यासाठीही लोकांची ये-जा उपयोगी पडेल.

अर्थात सगळं ओझं पाहुण्याच्या वागणुकीवर टाकणं हीसुद्धा पळवाट आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ रोहित मेले. तिथे कुणा पर्यटकाचा संबंध नव्हता. भरतीला गाळ बुडाला की हे पक्षी नवी मुंबईतल्या तळ्यांकडे आणि भांडुपच्या मिठागरांकडे उडत जातात. या विसाव्याच्या जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत, आणि त्या बुजल्या तर खाडीतला गाळ एकट्याने त्यांना धरून ठेवणार नाही. बुलेट ट्रेनचा बोगदा सुमारे सात किलोमीटर याच खाडीखालून जातो. असे निर्णय होत असताना, खाडी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं म्हणणं आणि फक्त पुलावरून पाहिलेल्या माणसाचं म्हणणं यांत फरक पडतो.

आता वेळापत्रक. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीला पाऊण पटीने गुणलं की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. ठाण्याच्या आत शिरायला पाणी आणखी थोडा वेळ घेतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा गाळ सर्वांत जास्त उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. पाणी अगदी उतरलं की होडी रुतते आणि अगदी चढलं की पक्षी उडून गेलेले असतात, त्यामुळे खरा खेळ मधल्या दोन तासांचा. ‘रविवारी अकराला आम्हाला सोयीचं’ हा आग्रह इथे चालत नाही, आणि या एका अडचणीमुळेच खाडीची चौपाटी अजून झालेली नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होड्या सुटतात त्या याच पाण्याच्या हिशोबाने. थव्यातून होडी घालायला लावू नका, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवू नका, आणि दुर्बीण नसेल तर कुणाची तरी मागून घ्या. फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने उत्तम. आधी पंचांग पाहा, मग केंद्राकडे होडीची वेळ विचारा आणि सुट्टी त्यानंतर टाका.