सांदवाडीतली राख

लाकूड जळताना त्यातला नत्र धुरावाटे निघून जातो. चुलीत उरतो तो मुख्यतः चुना, सोबत पालाश, थोडा स्फुरद आणि मॅग्नेशियम. पालाशाचं ‘पोटॅश’ हे नावच राखेवरून आलं: पूर्वी युरोपात राखेचं पाणी भांड्यात आटवून हा क्षार काढत. नत्र नसल्यामुळे राख हे अर्धंच खत; त्यासाठी शेणखत लागतंच.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसबागेत, राखेचा पहिला उपयोग मात्र किडीवर. वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढला, की बारीक चाळलेली राख विरळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सकाळी दव असतानाच वेलावर हलकेच झटकतात. ओल्या पानाला भुकटी चिकटते. तिच्या कणांनी किडीच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडलं जातं आणि कीड सुकते. दोडक्या-कोहळ्याची कोवळी पानं कुरतडणारे लाल भुंगेरेही राखाडलेल्या पानावर कमी बसतात. पाऊस आला की सगळं धुऊन जातं, पुन्हा धुरळावं लागतं. फुलांवर राख टाकू नये, मधमाश्यांना त्रास होतो.

मातीचं गणित वेगळं. गडचिरोलीच्या लाल, आंबटसर जमिनीत राखेतला चुना आम्लता कमी करतो. वांग्याच्या झाडाला वर्षातून एकदा-दोनदा मूठभर पुरते. वरोरा-भद्रावतीच्या काळ्या जमिनीत हीच राख नडते. ती माती आधीच चुनखडीची. आणखी चुना पडला की झाडाला लोह मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अमोनियम सल्फेटमध्ये राख मिसळली तर नाकाला झोंबणारा वास येतो. तो नत्र उडून जात असल्याचा.

राख निव्वळ लाकडाची हवी. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड किंवा प्लास्टिक जाळून झालेली चालत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातली राखही वेगळीच चीज: ती कोळशाची, तिच्यात जड धातू असतात. भिजलेल्या राखेतला पालाश वाहून जातो, म्हणून ती कोरडी, झाकून ठेवायची.

2016 साली उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघर पोचला आणि राख कमी झाली. तरी आंघोळीच्या पाण्याची चूल बऱ्याच अंगणांत पेटते, आणि सांदवाडीपुरती राख तिच्यातून निघते. उरलेली वालाच्या, तुरीच्या बियाण्यात कालवून ठेवतात, म्हणजे भुंगा लागत नाही. पेरायच्या दिवशी सुपात पाखडलं की राख उडते आणि बी मोकळं होतं.