फुप्फुसांचे रक्षक आणि त्यांना कातरणारी विकरे

क्षयरोगाचे औषध पूर्ण झाले, थुंकीत जंतू नाहीत असा अहवालही मिळाला, तरी खोकला थांबत नाही आणि रोज सकाळी पिवळा-हिरवा बेडका पडतोच. मग रोग बरा झाला असे कसे म्हणावे, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. अशा वेळी क्षयरोगाची फेरतपासणी करावीच लागते. मात्र पुष्कळदा तो खरोखरच गेलेला असतो आणि मागे उरतात त्या कायमच्या रुंदावलेल्या श्वासनलिका. या विकारास ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. भारतातील ३१ केंद्रांमधील २,१९५ रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ३५ टक्के रुग्णांच्या विकाराचे मूळ क्षयरोगात आढळले.

रुंदावलेल्या नलिकेत कफ साचतो व जंतू वाढतात. त्यांचा समाचार घेण्यासाठी रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. गिळलेल्या जंतूचे तुकडे करण्यासाठी त्यांच्या पोटात इलास्टेज नावाचे तीक्ष्ण विकर साठवलेले असते. पेशीच्या आत ते उपकारक असते; पेशी फुटली की तेच बाहेर सांडते. (बेडक्याचा हिरवा रंग हाही याच पेशींतील मायलोपेरॉक्सिडेज या दुसऱ्या विकराचा.)

या सांडलवंडीसाठी शरीराने तजवीज केलेली आहे. यकृतात तयार होणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन रक्तावाटे फुप्फुसात पोहोचते, इलास्टेजला घट्ट चिकटते आणि त्यास निकामी करते. त्याचे महत्त्व कळले ते स्वीडनमध्ये. १९६३ मध्ये लॉरेल व एरिक्सन या संशोधकांना काही व्यक्तींच्या रक्तद्रवात या प्रथिनाचा पट्टाच दिसेना, आणि त्यांच्यापैकी काहींची फुप्फुसे गंभीररीत्या बिघडलेली होती. रक्षक नसेल तर इलास्टेज फुप्फुसातील लवचीक तंतूच तोडते, हे पुढे स्पष्ट झाले. तंबाखूचा धूर तर जन्मतः पुरेशा असलेल्या या रक्षकासही दुबळे करतो.

आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांमध्ये हा जन्मजात दोष नसतो. त्यांच्या ठिकाणी रक्षक असतो, परंतु इलास्टेजचा लोंढा त्याला पुरून उरतो. मोकळे राहिलेले इलास्टेज मग आप-पर भाव ठेवत नाही. जंतूंना चिकटून त्यांची ओळख पटवून देणारी सरफॅक्टंट-ए व सरफॅक्टंट-डी ही प्रथिने ते कातरते. प्रतिपिंडांचे तुकडे करते. इतकेच नव्हे, तर न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरील, जंतू ओळखणारी ग्राहक प्रथिनेही छाटते. म्हणजे पेशी आली, पण तिला शत्रू दिसेनासा झाला! कफ वर ढकलणारे सूक्ष्म रोम मंदावतात, कफ अधिक पाझरतो, जंतू फोफावतात आणि नव्या न्यूट्रोफिल पेशींना पाचारण होते. या दुष्टचक्राची मांडणी लंडनचे डॉ. पीटर कोल यांनी १९८६ मध्ये केली.

हे चक्र कोठे तोडावे? जंतू उफाळून आले असता प्रतिजैविके द्यावीच लागतात, आणि त्यांनी मोकळे इलास्टेजही घटते. २०२५ मध्ये अमेरिकेत ब्रेन्सोकॅटिब या गोळीस मान्यता मिळाली. न्यूट्रोफिल अस्थिमज्जेत घडत असतानाच तिच्यातील ही विकरे कार्यक्षम होऊ नयेत, अशी तिची योजना आहे. तथापि रोजच्या रोज साचलेला कफ, आणि त्यासोबत त्यातील विकरे, बाहेर काढण्याचे काम छातीच्या फिजिओथेरपीवाचून होत नाही. बरे वाटू लागताच सर्वप्रथम सुटते ती हीच, ही खेदाची गोष्ट. देणगीतून घेतलेले यंत्र सर्वांस दिसते. रुग्णाशेजारी बसून श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे वेतन दिसत नाही. आमच्या मते या विकारात दुसऱ्या खर्चाचे मोल अधिक आहे.

नातेवाइकांनी व्यायामाची पद्धत रुग्णासोबत स्वतःही शिकून घ्यावी. घरात विडी-सिगारेट व चुलीचा धूर नसावा. बेडक्याचा रंग गडद झाला, प्रमाण वाढले, ताप आला अथवा रक्त दिसले, तर पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णास तत्काळ घेऊन यावे.