पात्याचा अकाली अंत

लोखंडी गज कापणारे बँडसॉ यंत्र लुधियान्यात असो, कोइमतुरास असो, की भोसरीच्या एखाद्या लहानशा शेडमध्ये असो; पाते लवकर बोथट झाले की बोल लागतो तो पाते बनविणाऱ्याला, नाहीतर यंत्र चालविणाऱ्या कारागिराला. छोट्या कारखान्याला पात्याची किंमत काही थोडी नसते. परंतु पाते का गेले याची खरी हकीगत यंत्राखाली साचलेल्या लोखंडाच्या किसात असते, आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही.

अखंड पट्टीच्या करवतीचे पेटंट इंग्लंडात विल्यम न्यूबेरी याने १८०८ साली घेतले. कल्पना उत्तम होती. मात्र चाकांवरून सतत वाकत धावणारी पट्टी सांध्यापाशी टिकेना. हल्लीच्या द्विधातूच्या पात्यात पाठ लवचिक पोलादाची आणि दातांची कड हायस्पीड पोलादाची असते. पाठीने वाकावे, दातांनी झिजू नये, अशी ही विभागणी आहे.

असे पाते अतिदाबाने मरते हे सर्वांस ठाऊक असते. ते अतिकाळजीनेही मरते, हे मात्र चटकन पटत नाही. पाते जपावे म्हणून कारागीर दाब कमी करतो. मग दात धातूत शिरत नाही, नुसता घासत राहतो. तापतो आणि धार गमावतो. स्टेनलेस पोलादात तर घासला गेलेला पृष्ठभाग अधिकच कठीण होतो आणि पाठोपाठ येणाऱ्या दाताला त्या कठीण थराशी झगडावे लागते. अशा वेळी खाली पिठासारखी पूड पडते. साध्या पोलादाचा जाड, जळून निळसर झालेला कीस पडला, तर दाब किंवा वेग जास्त आहे. सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या ढलपीसारखा सैल, कुरळा कीस पडत असेल, तर काम ठीक चालले आहे असे समजावे.

नव्या पात्याची गोष्ट थोडी निराळी. त्याची धार इतकी तीक्ष्ण असते की पूर्ण दाबाखाली तिचे सूक्ष्म कण उडतात. म्हणून वेग नेहमीचाच ठेवून दाब आरंभी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ठेवावा, आणि साध्या पोलादाचे तीनशे ते सहाशे चौरस सेंटिमीटर कापून होईतो तो हळूहळू वाढवावा. कीस मात्र तेव्हाही पडलाच पाहिजे. या थोड्याशा वेळाची घाई फार महाग पडते.

दातांची निवडही अशीच दुर्लक्षित. कापात एका वेळी निदान तीन दात हवेत. पातळ नळीवर मोठ्या दातांचे पाते लावले, की नळीची कड दोन दातांमध्ये अडकते आणि दात तुटतो. उलट जाड गजावर बारीक दात चालविले, तर त्यांच्या खाचा किसाने बुजून जातात. तुटलेला दात पुष्कळदा कापातच रुतून बसतो. त्याच कापात नवे पाते घातले, तर तेही त्या तुकड्यावर आपटून दात गमावते. गज फिरवून नवा काप धरावा, हे शहाणपण बहुधा दुसरे पाते गेल्यावर सुचते!

खाचांतील कीस झाडणारा तारांचा ब्रश हा यंत्राचा अगदी स्वस्त भाग, आणि म्हणूनच तो झिजून गेला तरी कोणी बदलीत नाही. न झडलेला कीस फेरा मारून पुन्हा कापात शिरतो. दिवसाचे काम आटोपल्यावर पात्याचा ताणही सैल करावा. रात्रभर चाकांच्या वळणाशी ताणून ठेवलेले पाते काहीही न कापता थकत असते.