‘वळी’ काय सांगते?

‘वळी’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. तो संस्कृत ‘वली’वरून आला. आयुर्वेदात म्हातारपणाच्या वर्णनात ‘वली-पलित’ अशी जोडी येते. वली म्हणजे सुरकुती आणि पलित म्हणजे पिकलेले केस. संस्कृत कवींनी मात्र पोटावरच्या तीन वळ्यांना ‘त्रिवली’ म्हणून सौंदर्यलक्षण मानले. शब्द तोच, पण जागेप्रमाणे अर्थ बदलतो. आरोग्याच्या बाबतीतही तसेच आहे.

चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वयाने येतात; ऊन आणि धूम्रपान यांनी त्या लवकर येतात. त्यात काळजीचे कारण नाही. द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्यांनी डोक्याला टोपी किंवा रुमाल बांधावा, एवढे पुरे.

गुटगुटीत बाळाच्या मानेच्या व मांड्यांच्या वळ्यांत घाम आणि दूध साचते व कातडी लाल होते. त्या जागा रोज धुऊन मऊ कापडाने कोरड्या कराव्यात. पावडरचे थर देऊ नयेत.

मानेच्या वळ्या काळ्या व जाडसर झाल्या, तर अनेकजण मळ समजून लिंबू किंवा डाळीचे पीठ घासत बसतात. हा मळ नव्हे. वजन वाढलेल्या माणसांत, मुलांतसुद्धा, बहुधा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ही खूण असते. पुढे मधुमेह होण्याचा धोका असतो. घासणे थांबवून रक्तातील साखर तपासून घ्यावी. वजन उतरले की काळेपणाही बऱ्याचदा कमी होतो.

सर्वांत महत्त्वाची वळी चिमटीतली. पाणी गेले की द्राक्षाचा बेदाणा होतो, हे नाशिककरांना सांगायला नको. जुलाब-उलट्यांनी बाळाच्या अंगातले पाणी असेच कमी होते. बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडावी. निरोगी बाळाची कातडी लगेच पूर्ववत होते. वळी २ सेकंदांहून अधिक वेळ तशीच राहिली, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडले, तर घरी थांबू नये. तत्काळ दवाखाना गाठावा. बाळ पिऊ शकत असेल, तर वाटेत जलसंजीवनी चमच्या-चमच्याने पाजत राहावी. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावे. बहुतेक मोठ्या पाकिटांना १ लिटर लागते. अंगावरचे दूध बंद करू नये.

वृद्धांची व फार रोडावलेल्या मुलांची कातडी मुळातच सैल असते, म्हणून तेथे चिमटीवर विसंबू नये. कोरडी जीभ आणि कमी झालेली लघवी पाहावी.