'ताई आहे ना, ती बघेल!'

कुणाकडे ती ताई असते, बेळगावकडे अक्का, तर आपल्या इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत दीदी. नावं वेगळी, पण तिच्याबद्दलचं वाक्य सगळीकडे एकच: "ताई आहे ना, ती बघेल!"

इंदूर आणि दीदी म्हटलं की लतादीदी आठवणारच. 28 सप्टेंबर 1929 रोजी त्यांचा जन्म इथेच झाला. एप्रिल 1942 मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्या अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. पाठीवर मीना, आशा, उषा आणि साडेचार वर्षांचा हृदयनाथ. त्याच वर्षी त्यांनी 'पहिली मंगळागौर' चित्रपटात काम केलं. अभिनयाची मुळीच आवड नव्हती, पण घर चालवायचं होतं.

ही गोष्ट आपण नेहमी ऐकतो. पुढचा भाग मात्र मला जास्त मोलाचा वाटतो. तोच धाकटा भाऊ संगीतकार झाला आणि त्याने बांधलेल्या चालींवर दीदींनी ज्ञानेश्वरांच्या रचना गायल्या, मीरेची भजनं गायली. भावंडाला वाढवणं कठीण असतंच, पण ते वाढलं आहे हे मान्य करून त्याचं ऐकणं त्याहून कठीण. खरं ताईपण या दोन्हींत आहे.

पण त्यासाठी धाकट्यांनी मोठं व्हायला नको का? आपण पस्तिशीला आलो तरी आईच्या गोळ्या, बाबांचं डॉक्टरकडे जाणं, नात्यातल्या लग्नाचा आहेर, सगळं ताईच्याच डोक्यात. तिचं सासर, नोकरी, मुलं वेगळीच. ऑफिसात सगळा भार एकाच सर्व्हरवर असला तर आम्ही इंजिनिअर त्याला धोका म्हणतो आणि लगेच दुसरा जोडतो. घरात मात्र त्यालाच आपण 'ताईचा स्वभाव' म्हणतो!

भाऊबीजेच्या पाकिटाने हे फिटत नाही. त्यापेक्षा तिच्याकडचं एक काम कायमचं आपल्याकडे घ्या. बाबांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा ताईने आठवण करायच्या आत तो देऊन टाका.

आणि तुम्ही स्वतःच ताई असाल, तर एवढंच करा: त्याची आठवण करू नका.