एकच औषध, दोन देह

कर्करोगावरील औषधाची झळ रोगट पेशींपुरतीच राहत नाही, हे आपण सारे जाणतो. पण ती झळ स्त्रीला आणि पुरुषाला सारखीच लागते काय, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. सिसप्लॅटिन या एका औषधाच्या आधारे तो आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

विजेच्या प्रवाहाचा जंतूंवर काय परिणाम होतो हे पाहताना अमेरिकेतील बार्नेट रोझेनबर्ग यांना, विद्युदग्रातून सुटलेले प्लॅटिनम जंतूंचे विभाजन थांबवते, असे आढळले. हा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि १९७८ साली त्यातून निघालेल्या औषधाला तेथे मान्यता मिळाली. वृषणाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगात त्याने असंख्य प्राण वाचविले. मात्र सुमारे तिघांतील एकाच्या मूत्रपिंडास त्याची इजा पोहोचते.

असे का व्हावे? मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींना, रक्तातील काही द्रव्ये आत ओढून घेणारी जणू प्रथिनांची दारे असतात. अशाच एका दारातून सिसप्लॅटिन आत शिरते, साठते आणि पेशी मारते. उंदरांत ही दारे नरामध्ये अधिक असतात. पुरुषी संप्रेरक ती वाढविते. मग स्त्रिया सुरक्षित, असे म्हणावे काय? नाही. माणसांतील पाहण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. काहींत उलट स्त्रियांनाच धोका अधिक दिसला. उंदराचा न्याय माणसाला जसाच्या तसा लागत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. मूत्रपिंडाची परीक्षा रक्तातील क्रिएटिनिनवरून होते. ते स्नायूंतून येते आणि स्त्रीचे स्नायू सरासरीने कमी. म्हणून जो आकडा पुरुषाच्या बाबतीत निर्धास्त करतो, तोच स्त्रीच्या बाबतीत बिघाड झाकू शकतो. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी दिलेले सूत्र २४९ रुग्णांवरून बांधले होते आणि ते बहुतेक सारे पुरुष होते. स्त्रियांसाठी उत्तर १५ टक्क्यांनी कमी धरावे, एवढेच त्यात सुचविले होते. पुढे अधिक चांगली सूत्रे आली. पण मापाचा मूळ गज पुरुषाचा होता, हे विसरता येत नाही.

औषध देताना शिरेतून भरपूर सलाइन, जरूर तेथे मॅग्नेशियम आणि वरचेवर रक्ततपासणी, हे उपाय दोघांनाही सारखेच. वाचताना मात्र आकड्यामागचे माणूसही वाचावे. समान न्याय म्हणजे सर्वांना एकच माप नव्हे. ज्याला त्याला योग्य ते माप.